वाऱ्याला वाट ठेवावी लागते

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्यांची देखभाल करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता वर चढणं कमी झालंय. आयटीआय, डिप्लोमा करून येणाऱ्या नव्या मुलांना शिकवतो. त्यांना वेळोवेळी जे सांगत आलो तेच इथे मांडतोय. ही मुलं येतात तेव्हा पवनचक्की वारा पकडते असं मनात धरून येतात. मला कळलं ते असं, की हे यंत्र वाऱ्यातला बेताचाच भाग घेतं आणि उरलेला जाऊ देतं. किती घ्यायचा आणि किती सोडायचा, या हिशेबावर पात्याच्या आकारापासून ब्रेकपर्यंत सगळं बेतलेलं असतं.

१. वारा पात्याला ढकलत नाही

ठोसेघरचा धबधबा पाहून पर्यटक पुढे चाळकेवाडीला येतात आणि मान वर करून विचारतात, "एवढं अवजड पातं वाऱ्याने ढकललं कसं जातं?" मी त्यांना उलट विचारतो, वारा ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे, मग पात्याचं टोक अडीचशेने कसं धावतं? ढकलणारा चाळीसने चालला असेल तर ढकललेली वस्तू त्याच्या पुढे जाणार नाही. ६६ मीटर व्यासाचं, मिनिटाला २० फेरे घेणारं यंत्र घ्या. खालून ते संथ दिसतं, पण त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ६९ मीटर भरतो, म्हणजे ताशी जवळजवळ २५० किलोमीटर.

उत्तर पात्याच्या छेदात आहे. पातं आडवं कापून पाहिलं तर पुढची कड गोलसर, मागची धारदार, एक बाजू जास्त फुगीर. अशा पात्यावर वारा तिरका आला की पातं त्याला वळवतं. फुगीर बाजूला हवेचा दाब घटतो, दुसऱ्या बाजूला वाढतो, आणि या फरकातून वाऱ्याच्या दिशेला काटकोनात ओढ लागते. विमानाच्या पंखाला उचलणारं बल हेच. इथे ते पात्याला आसाभोवती फिरवतं. कोकणातली शिडाची होडी वारा बाजूने घेऊन पुढे सरकते, तशी ही तीन शिडं एका आसाला बांधलेली आहेत आणि गोलगोल निघाली आहेत.

पुष्कळ पुस्तकांत असं वाचायला मिळतं, की फुगीर बाजूने हवेला लांबचा रस्ता पडतो, म्हणून ती पळत जाऊन दुसऱ्या बाजूच्या हवेला शेवटच्या कडेशी गाठते. हे मी मुलांना मुद्दाम खोडून सांगतो. हवेला कोणाला गाठायचं नसतं. प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात धुराचे पट्टे सोडून पाहिलं तर फुगीर बाजूची हवा कडेला आधीच पोचलेली दिसते. कारण आणि परिणाम यांची अशी उलटापालट डोक्यात बसली, की पुढे पात्याचा कोन का बदलतात हे कधीच नीट समजत नाही.

पातं ट्रेलरवरून घाट चढून आलं आणि उभारणीआधी जमिनीवर ठेवलं, की मी नव्या मुलांना बुडापासून टोकापर्यंत चालत जायला लावतो. पात्याला पीळ आहे, तो तेव्हा दिसतो. बुडाशी ते वाऱ्याकडे बरंच कललेलं असतं, टोकाशी जवळजवळ सपाट. हबजवळचा, म्हणजे पाती जिथे आसाला जोडलेली असतात तिथला, भाग हळू फिरतो आणि टोक प्रचंड वेगाने, त्यामुळे दोघांना भेटणारा वारा वेगवेगळ्या दिशेने येतो. प्रत्येक जागी वाऱ्याशी योग्य कोन राहावा, म्हणून हा पीळ. काचतंतू आणि रेझिनच्या त्या तुकड्यावरून हात फिरवला की त्यात किती विचार भरलाय ते समजतं.

२. मधली मोकळी जागा कामाची असते

"तीनच पाती का? दहा लावली तर जास्त वारा सापडेल ना?" शाळेची सहल आली की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे.

पवनचक्कीने सगळा वारा अडवला असं धरा. मग तिच्या मागची हवा थांबेल. थांबलेली हवा जागा सोडणार नाही, आणि पुढून येणारा वारा भिंतीला वळसा घातल्यासारखा बाजूने निघून जाईल. पात्यांना काहीच मिळणार नाही. उलट काहीच अडवलं नाही तरी काही मिळणार नाही. या दोन टोकांच्या मध्ये सर्वांत फायद्याची जागा कुठे, याचं गणित अल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये मांडलं. वाऱ्याचा वेग यंत्राच्या मागे मूळच्या एक-तृतीयांश उरेल, इतकंच त्याला अडवावं. त्या वेळी वाऱ्यातल्या ऊर्जेचा १६/२७ भाग, म्हणजे ५९.३ टक्के हाती येतो. यापलीकडे कुठल्याही पवनचक्कीला जाता येत नाही, पाती सोन्याची केली तरी. प्रत्यक्षात चांगलं यंत्र चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत पोचतं.

आता तीन पाती. ती वेगाने फिरतात, म्हणून एका पात्याने ढवळलेली हवा पुढे सरकते न सरकते तोच दुसरं पातं तिथे येतं आणि सगळं वर्तुळ राखलं जातं. पाती वाढवली तर वेग कमी ठेवावा लागतो, वजन आणि खर्च वाढतो. पाणी उपसायच्या जुन्या पवनचक्क्यांना पुष्कळ पाती असतात, कारण त्यांना वेग नको, पंप ओढायला सुरुवातीची ताकद हवी. दोन पात्यांचंही यंत्र चालतं, पण पाती उभी असताना आणि आडवी असताना यंत्राला वाऱ्याकडे वळवायचं म्हटलं की धक्के बसतात. तीन पात्यांत वजनाचा तोल सगळ्या स्थितींत सारखा राहतो.

३. वाऱ्याचा हिशेब घनाने करायचा

हा धडा मी सगळ्यांत जास्त वेळा शिकवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण दोन गोष्टी एकत्र घडतात. हवेच्या प्रत्येक किलोमधली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि त्याच वेळी पात्यांच्या वर्तुळातून सेकंदाला जाणारी हवाही वेगाच्या प्रमाणात वाढते. वर्ग गुणिले वेग, म्हणजे घन.

६६ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ३,४२० चौरस मीटर. आमच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा विरळ, घनमीटरला साधारण १.०५ किलो. सेकंदाला ८ मीटरचा वारा असेल तर एवढ्या वर्तुळातून दर सेकंदाला २८ टनांहून अधिक हवा जाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण २८ टन. तिच्यात सुमारे ९२० किलोवॅट असतात. त्यातले ४० टक्के घेतले तर ३७० किलोवॅटच्या आसपास. वारा ४ मीटरवर आला की हाच आकडा पन्नासच्या खाली घसरतो. वारा १२ मीटरवर गेला की साडेबाराशे किलोवॅटच्या जवळ पोचतो, आणि एवढ्या व्यासाच्या पुष्कळ यंत्रांची क्षमता तेवढीच ठेवलेली असते, ती याच हिशेबाने.

म्हणून सरासरी वेगावर विश्वास ठेवू नये. एका जागी सतत ६ मीटरचा वारा आहे. दुसऱ्या जागी निम्मा वेळ ३ आणि निम्मा वेळ ९. सरासरी दोन्हीकडे ६. पण ६ चा घन २१६, आणि ३ व ९ यांच्या घनांची सरासरी ३७८. वाऱ्याच्या नोंदी दर दहा मिनिटांच्या ठेवतात, महिन्याची एकच सरासरी ठेवून भागत नाही, ते यासाठी.

व्यासाचा नियमही लक्षात ठेवावा. पातं दुप्पट लांब केलं की वर्तुळ चौपट होतं. पवनचक्क्या वर्षागणिक मोठ्या का होत गेल्या, याचं निम्मं उत्तर यात आहे. उरलेलं निम्मं उंचीत आहे. जमिनीलगतचा वारा झाडाझुडपांना, घरांना, खडकांना घासून मंदावतो. वर जावं तसा तो मोकळा होतो.

४. आमचं वर्ष मृगात सुरू होतं

नैऋत्य मोसमी वारा अरबी समुद्रावरून येतो, कोकणपट्टी ओलांडतो आणि सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतो. आमची पठारं या भिंतीच्या माथ्यावर आहेत, वनकुसवडे तर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. कड्यावरून उसळलेला वारा इथे दाटतो आणि वेग घेतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाच्या विजेचा मोठा हिस्सा तयार होतो. हिवाळ्यात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कित्येक दिवस पाती नुसती उभी असतात.

बाहेरच्या माणसाला उभी पाती पाहून पवनचक्की बंद पडलीय असं वाटतं. खरं तर सेकंदाला तीन-साडेतीन मीटरपेक्षा कमी वारा असेल तर यंत्राला सुरूच होऊ देत नाहीत. मिळणाऱ्या विजेपेक्षा यंत्राचा स्वतःचा खर्च जास्त होईल.

आमच्या कामाचं वेळापत्रक वाऱ्याच्या या हंगामामुळे शेतकऱ्यासारखंच आकाश पाहून ठरतं. ग्रीस, तेलाचे फिल्टर, टॉवरच्या फ्लँजचे बोल्ट, पात्यांच्या कडांची झीज, वीज अंगावर घेणाऱ्या तांब्याच्या वाटा, हे सगळं मे संपायच्या आत उरकायचं. फेब्रुवारीत चार दिवस यंत्र बंद राहिलं तर फारसं कोणाला कळत नाही. जुलैत चार तास बंद राहिलं तर ते महिनाअखेरच्या आकड्यात ठळक दिसतं.

आणि जुलैत वर काम करणं म्हणजे काय, ते अनुभवल्याशिवाय सांगता येत नाही. धुकं इतकं दाट, की टॉवरच्या पायथ्याशी उभं राहूनही पाती दिसत नाहीत. फक्त सप्... सप्... असा आवाज डोक्यावरून जात राहतो. जांभ्याच्या सड्यावर पाणी साचलेलं, पाऊस आडवा, कपडे आठवडाभर ओले. सरावाने कान तयार झालेला माणूस त्या आवाजावरून सांगतो की एका पात्याचा सूर वेगळा येतोय, कड फाटली असावी. यंत्रावर कितीही सेन्सर बसवले तरी असा कान तयार झालेली माणसं साइटवर असावीत, असं माझं ठाम मत आहे.

हाच मोसमी वारा पाऊस आणून खाली कोयनेचा शिवसागर जलाशय भरतो. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, आणि तिथलं पाणी वर्षभर पुरवून वापरावं लागतं. पावसाळ्यात वारा जितकी वीज देईल, तितकं पाणी उन्हाळ्यासाठी राखता येतं. वारा साठवता येत नाही, पाणी येतं. एकाच मोसमी वाऱ्याच्या या दोन देणग्या एकमेकींना पूरक ठरू शकतात, आणि हे नियोजन आणखी विचारपूर्वक व्हावं असं मला मनापासून वाटतं.

५. लाइट गेली की पवनचक्कीही थांबते

पायथ्याच्या वाडीतल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "लेकरा, चक्की आमच्या डोईवर फिरती, मग घरात अंधार कसा?" त्यांच्या या प्रश्नात दोन प्रश्न होते. एक हक्काचा आणि एक यंत्राचा. हक्काच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासारख्या तंत्रज्ञाच्या हातात नव्हतं. डोक्यावरच्या तारांतून वीज दूर जाते आणि तारांखालच्या घराला ती बेभरवशाची मिळते, हे मला आजही खुपतं. यंत्राचं उत्तर मी त्यांना त्यांच्या विहिरीवरच्या मोटरीवरून सांगितलं.

पाती मिनिटाला वीसेक फेरे घेतात. गिअरबॉक्स ते पंचाहत्तर पटीने वाढवून दीड हजारांवर नेतो आणि जनरेटरचा दांडा फिरतो. चुंबकीय क्षेत्र तारेच्या वेटोळ्यातून बदलत राहिलं की तारेत वीज उपजते, हे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. आमच्या जुन्या यंत्रांतला जनरेटर म्हणजे जातीने शेतातली इंडक्शन मोटरच, फक्त आकाराने फार मोठी. तिच्या बाहेरच्या गुंडाळ्यांना ग्रिडची वीज दिली की आत एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. चार ध्रुवांच्या यंत्रात, ५० हर्ट्झला, ते मिनिटाला १,५०० फेरे घेतं. आतला रोटर त्याहून जरा हळू फिरत असेल तर यंत्र ग्रिडकडून वीज घेतं आणि पाणी उपसतं. वाऱ्याने त्याच रोटरला १,५०० च्या थोडं पुढे रेटलं, पंधराशे दहा-वीसपर्यंत, की प्रवाह उलटतो. तीच मोटर वीज देऊ लागते.

मेख इथे आहे. ते चुंबकीय क्षेत्र ग्रिडच्या विजेवर उभं असतं. ग्रिड गेली की क्षेत्र गेलं, आणि मग रोटर कितीही वेगाने फिरला तरी वीज नाही. म्हणून गावात लाइट जाते तेव्हा, लाइन तीच असेल तर, वरची पवनचक्कीही थांबते. शिवाय लाइन दुरुस्त करायला खांबावर वायरमन चढलेला असतो. त्याच्या हातातल्या तारेत कुठल्याही यंत्राने वीज सोडता कामा नये. पवनचक्की तेव्हा थांबणं हेच त्याच्या जिवासाठी योग्य असतं.

काही यंत्रांत गिअरबॉक्सच नसतो. त्यांचा जनरेटर मोठ्या कड्यासारखा, पुष्कळ ध्रुवांचा, पात्यांच्याच गतीने फिरणारा. त्यातून येणारी वीज इलेक्ट्रॉनिक उपकरणं आधी सरळ करतात आणि मग ५० हर्ट्झला बसवून ग्रिडला देतात. अलीकडच्या बहुतेक यंत्रांत अशी उपकरणं कमी-जास्त प्रमाणात असतातच, त्यामुळे पात्यांना वाऱ्याप्रमाणे वेग बदलायची मुभा मिळते. जनरेटरमधून साधारण ६९० व्होल्टला निघालेली वीज पायथ्याच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ३३ हजार व्होल्टवर चढते आणि तिथून सबस्टेशनकडे जाते.

एक गोष्ट मात्र सगळ्या यंत्रांत सारखी. जनरेटरमधून जितकी जास्त वीज काढावी, तितका तो फिरायला जड होतो. विजेची मागणी हाच पात्यांवरचा लगाम आहे.

६. थांबवता येत असेल तरच फिरवावं

हा लगाम एकदम सुटला तर काय होतं, हा विचार ज्याच्या मनात कायम असतो तो चांगला तंत्रज्ञ. भर वाऱ्यात ग्रिड गेली की जनरेटर क्षणात हलका होतो. वारा मात्र आहे तितकाच असतो. पाती वेग घ्यायला लागतात, आणि काही सेकंदांत काही केलं नाही तर यंत्र स्वतःला फोडून घेतं.

लोकांना वाटतं आत मोठा ब्रेक असेल, तो दाबायचा. डिस्क ब्रेक असतो, गिअरबॉक्सच्या वेगवान बाजूला. पण भरधाव पात्यांना एकट्या ब्रेकने अडवायला गेलं तर डिस्क लाल होते, ठिणग्या उडतात, आग लागू शकते. खरं थांबवणं पाती करतात. प्रत्येक पातं बुडाशी आपल्या अक्षावर वळतं. धोक्याच्या वेळी ते सुमारे नव्वद अंशांत वळून वाऱ्याला फक्त कड दाखवतं. ओढ संपते आणि फिरणं आपोआप मंदावतं. या वळवण्याला ग्रिडच्या विजेवर अवलंबून ठेवत नाहीत, कारण ग्रिड गेलेलीच असते. हबमध्येच बॅटऱ्या किंवा दाबाखालचं तेल साठवलेलं असतं. मे महिन्यातल्या तपासणीत मी सगळ्यांत जास्त वेळ त्या बॅटऱ्यांना द्यायला लावतो. वर्षभर त्यांचं काही काम नसतं आणि एखाद्या रात्री सगळं त्यांच्यावरच असतं.

रोजच्या कामातही पाती वळतच असतात. वारा क्षमतेच्या वर गेला की ती थोडी थोडी कलतात आणि जादा वारा सोडून देतात. १३ मीटर असो वा २० मीटर, वीज तेवढीच राहते. सेकंदाला २५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला, बहुतेक यंत्रं स्वतःला बंद करून घेतात. एवढा वारा वाया जातो म्हणून हळहळणारे मला भेटले आहेत. तो झेलायचा तर टॉवर, पाती, पाया सगळं कितीतरी भक्कम करावं लागेल, आणि असा वारा वर्षातून मोजके तास येतो.

जुनी एक पद्धतही सांगतो, कारण तिच्याबद्दल मला फार आदर आहे. डेन्मार्कमध्ये गेडसर इथे योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. तिची पाती वळत नसत. वारा फार वाढला की पात्यावरची हवा पृष्ठभाग सोडून विस्कटे आणि ओढ आपोआप घटे. वेग मर्यादेबाहेर गेला तर पात्यांची फक्त टोकं वळून हवेचा ब्रेक लावत. इंडक्शन जनरेटरही तिच्यात होता. पुढे डेन्मार्कच्या आणि तिथून जगभरच्या कितीतरी यंत्रांनी हा साधेपणा उचलला.

७. तोंड वाऱ्याकडे, नजर केबलकडे

टॉवरच्या माथ्यावर गिअरबॉक्स आणि जनरेटर सामावणारी पेटी म्हणजे नॅसेल. तिच्या डोक्यावर एक छोटं वाऱ्याचं दिशादर्शक असतं. त्याच्या सांगण्यावरून मोटरी सगळं डोकं वाऱ्याकडे वळवतात. हे दिशादर्शक दहा अंशांनी चुकीचं बसलं तर तीन ते पाच टक्के वीज गुपचूप जाते, आणि कुठलाही अलार्म वाजत नाही.

वारा दिशा बदलत राहिला की डोकं एकाच बाजूने फिरत जातं आणि टॉवरमधून खाली लोंबणाऱ्या केबलना पीळ बसतो. ठरावीक वेढे झाले की यंत्र थांबतं, उलटं फिरून पीळ सोडतं आणि पुन्हा सुरू होतं. भर दुपारी चांगल्या वाऱ्यात पवनचक्की उलट वळताना दिसली तर ती हेच करत असते.

८. कुलपाची किल्ली आपल्याच खिशात

वर एकट्याने चढायचं नाही. हार्नेसचा प्रत्येक हूक स्वतः तपासायचा, दुसऱ्याने तपासला असला तरी. हबमध्ये शिरण्याआधी रोटरला लोखंडी पिनेने कुलूपबंद करायचं. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर हबमध्ये जायचं नाही. विजेच्या कामाआधी ब्रेकर पाडून त्याला आपलं कुलूप आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. ढगांचा गडगडाट ऐकू आला की हातातलं काम तसंच टाकून उतरायचं. अवजार विसरलं तर विसरलं.

या कलमावर मी चर्चा करत नाही.

९. पठाराची विचारपूस करावी

पाऊस लांबलेल्या एका वर्षी पाटणच्या बाजूचे एक शेतकरी आजोबा मला म्हणाले, "या पंख्यांनीच ढग पळवलं." असा समज तेव्हा पुष्कळ गावांत होता. त्यांना हसून वाटेला लावणारे लोक मी पाहिले होते आणि मला ते बिलकूल पटलं नव्हतं. मी त्यांच्याबरोबर बांधावर बसून सांगितलं, की पाऊस घेऊन येणारी ओली हवा काही किलोमीटर जाडीची असते. आमचं यंत्र तळाच्या शंभरेक मीटरमध्ये उभं राहून वाऱ्याचा थोडा वेग घेतं. पाणी घेत नाही. यंत्राच्या मागे थोड्या अंतरावर वारा पुन्हा वरच्या हवेत मिसळून सावरतो, म्हणून तर दोन यंत्रांमध्ये व्यासाच्या पाच-सात पट अंतर सोडतात. आजोबांना पटलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण पुढच्या वेळी त्यांनीच चहाला थांबवलं.

पवनचक्क्यांचा पठारावर काहीच परिणाम होत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी आढळले. त्यामुळे त्यांचं भक्ष्य असलेले, गळ्याखाली रंगीत पंखा उघडणारे सरडे संख्येने वाढले, आणि माणूस जवळ गेला तरी ते उशिरा पळू लागले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरकही कमी भरलं. मी त्याच जमिनीवर वर्षानुवर्षं वावरलो होतो, पण पात्यांच्या सावलीतल्या सरड्याचं वागणं बदलू शकतं हे त्या अभ्यासाने दाखवलं. तेव्हापासून मी नव्या मुलांना सांगतो, नोंदवहीत एक पान पक्ष्यांसाठी ठेवा. मेलेला पक्षी दिसला तर तारीख, यंत्राचा क्रमांक, जमलं तर फोटो.

१०. जुनी यंत्रं उतरवताना

भारतात ग्रिडला वीज देणाऱ्या पवनचक्क्यांची सुरुवात १९८६ च्या सुमारास रत्नागिरी, ओखा, तुतिकोरिन अशा किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटच्या यंत्रांनी झाली. आमच्या पठारांवर पुढे साडेतीनशे किलोवॅटची यंत्रं मोठ्या संख्येने आली. त्यांचा व्यास ३३ मीटरच्या आसपास, वर्तुळ ९०० चौरस मीटरहूनही लहान. आज १४० मीटर व्यासाचं यंत्र सर्रास उभं राहतं आणि त्याचं वर्तुळ सुमारे १५,४०० चौरस मीटर असतं. आधी आलेल्यांनी साहजिकच सगळ्यांत जास्त वाऱ्याच्या जागा घेतल्या, त्यामुळे उत्तम वाऱ्यात आज सगळ्यांत लहान यंत्रं उभी आहेत. ती बदलण्याचं धोरण केंद्र सरकारने २०१६ मध्ये आणलं आणि २०२३ मध्ये सुधारलं.

हा बदल व्हावा असं मला वाटतं. पंधरा यंत्रांच्या जागी एक उभं राहिलं तर रस्ते, तारा, पाये कमी लागतील आणि पठार पुष्कळ मोकळं होईल. पण उतरवलेली पाती कुठे जाणार, हे आधी ठरायला हवं. काचतंतू आणि रेझिन एकमेकांपासून सहजी सुटत नाहीत. लोखंड, तांबं भंगारात विकलं जाईल, पाती ओढ्याकाठी टाकून दिलेली मला पाहायची नाहीत. जुने काँक्रीटचे पाये जमिनीखाली किती खोलवर काढायचे, हेही जमीनमालकासमोर कागदावर यायला हवं, त्याला कळेल अशा मराठीत.

आणि एक विनंती नव्या यंत्रांचा आराखडा करणाऱ्यांना. जुनं यंत्र खाली उतरवण्याआधी त्याच्या साठवलेल्या नोंदी आणि साइटवरच्या वह्या मागून घ्या. दोन दशकांचा वारा त्यांत आहे. कुठल्या यंत्राला कोणत्या दिशेने झोत बसत होते, कुठल्या कड्याजवळ पाती लवकर झिजली, कोणत्या टॉवरवर वीज पुन्हा पुन्हा पडली, कुठे पक्षी सापडले, हे सगळं तिथे आहे, काही संगणकात आणि काही ओल लागलेल्या कागदांवर. ते कागद बहुतेक पायथ्याच्या खोलीतल्या कपाटात असतात, आणि भंगाराचा ट्रक आला की सगळ्यांत आधी तीच खोली रिकामी करतात.